बदामी पगडीची शिवण

पापाजी, तुमची पत्र्याची पेटी तीन दिवसांपासून माझ्या दुकानात आहे. शिलाई मशीनच्या उजव्या हाताला, जिथे तुमचं स्टूल असायचं, तिथेच तुमच्या लेकीनं, जस्सीनं, ती आणून ठेवली. येणाऱ्या बाया तिच्यावर टेकायला बघतात आणि मी त्यांच्यावर खेकसते. परवा ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एका मास्तरणीला मी असं काही बोलले की ती माप न देताच निघून गेली. जाऊ दे. पेटीत तुमच्या पगड्या आहेत, आणि तुमच्या पगड्यांवर कुणी बूड टेकवलेलं मला बघवणार नाही.

तुम्हाला जाऊन आज आठ दिवस झाले. रविवारी गोंदियाच्या गुरुद्वारात तुमच्यासाठी ठेवलेल्या पाठाची समाप्ती आहे आणि त्याच संध्याकाळी जस्सी रायपूरला आपल्या घरी परत जाईल. त्याआधी मला ही पेटी रिकामी करायची आहे. आत नऊ पगड्या आहेत. चार चांगल्या, त्या धुऊन गुरुद्वारात द्यायच्या, ज्याला हवी तो बांधेल. पाच पार विरलेल्या. त्या पाचांवरून तुमच्या नातेवाइकांत दोन दिवस खल झाला म्हणे. एक काका म्हणाले वैनगंगेत सोडा, दुसरे म्हणाले जाळून टाका, तिसऱ्यांना घाई होती. जस्सीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, पेटी उचलली आणि माझ्याकडे आली. म्हणाली, "मंदा मावशी, पापाच्या पगड्या तुम्हीच उसवायच्या. दुसऱ्या कोणाले जमत नाही ते."

बावीस वर्षांपूर्वी मला कुणी असं म्हटलं असतं तर मी हसले असते. शिवायला कसब लागतं, उसवायला कसलं? तेव्हा मी पिको-फॉलचं हे दुकान नुकतंच उघडलं होतं. शेजारी तुमचं मोटर भरायचं दुकान. तिरोड्याच्या आसपास कुणाच्याही शेतातली पाण्याची मोटर जळली की ती बैलबंडीत किंवा ऑटोत घालून तुमच्याच दारात यायची. दिवसभर तुमचे हात काळे. पहिल्यांदा तुम्ही माझ्या दारात आलात तेव्हा आधी नळावर जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतलेत, मग सोबत आलेल्या तुमच्या बायकोच्या, आमच्या भाभींच्या, हातातून कापड घेतलंत आणि माझ्यासमोर धरलंत. आकाशी रंगाची रुबिया होती, पगडीचं तलम सुती कापड. सात मीटर. हिला मध्ये कापायचं, दोन सारखे तुकडे करायचे आणि ते लांबीला एकमेकांशी जोडायचे, म्हणजे पन्हा दुप्पट होतो, असं तुम्ही मला समजावलंत. टाका बारीक हवा आणि जोड कुठे गोळा व्हायला नको, नाहीतर बांधल्यावर दिवसभर टोचत राहतो. मी तीनदा शिवली तेव्हा तुम्हाला पसंत पडली. मी मनात म्हटलं, म्हातारा लय किरकिऱ्या आहे. तेव्हा तुम्ही काही म्हातारे नव्हता, पण दाढी पिकलेला प्रत्येक माणूस मला म्हातारा वाटायचा.

दोन-अडीच वर्षांनी तुम्ही माझ्याच हातची एक जुनी पगडी घेऊन आलात. धुतलेली, घडी केलेली, इतकी विरलेली की तिच्यातून पलीकडचं दिसावं. तुम्ही म्हणालात, जोड उसवून दे. मी म्हटलं, फाटत आलेली ती, तिचा जोड कायले उसवायचा, तशीच टाका ना. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही स्टूल ओढलंत आणि बसलात.

"बेटा, जोपर्यंत जोड आहे तोपर्यंत ती पगडी आहे," तुम्ही म्हणालात. "ती फेकता येत नाई, फाडता येत नाई, पोछा मारता येत नाई. ज्या हातानं जोडली त्या हातानं खोलायची. मंग ते कापड होते."

हा नियम तुमच्या धर्मात कुठे लिहिलेला आहे का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, माहीत नाही, माझे वडील असंच करायचे, आणि तुझ्या माहितीसाठी सांगतो, जळालेली मोटरही मी असाच खोलतो. ते खरं होतं. मी तुम्हाला कितीदा पाहिलंय. दुसरे लोक छिन्नीनं जळकी तार तोडून भसाभसा उपसून काढायचे, तुम्ही फेरे मोजत मोजत उलगडायचे. शेतकरी घाई करायचा आणि तुम्ही त्याला चहा पाजून गप्प बसवायचे.

तर मी उसवायला शिकले. एका बाजूचा दर चौथा टाका सुईनं उचलून तोडायचा, म्हणजे दुसऱ्या बाजूचा दोरा अख्खा ओढून निघतो. एका पगडीला पाऊण तास. तेवढा वेळ तुम्ही स्टुलावर बसून राहायचे, हात मांडीवर ठेवून, न बोलता. बोलायला एरवी तुमच्याइतकं कुणाचं तोंड चालायचं नाही, आणि तेही आमच्याच बोलीत, आमच्यापेक्षा ठसक्यात. पंजाबी तुम्हाला मोडकीतोडकीच यायची, तुमच्या बहिणी फोनवर त्यावरून तुम्हाला हसायच्या. पण त्या पाऊण तासात तुम्ही शब्द काढायचे नाहीत. निघालेले दोरे तुम्ही तळहातावर गोळा करायचे आणि बिस्किटाच्या डब्यात टाकायचे. डबा भरला की परसातल्या पेरूखाली जागा झाडून तिथे ते जाळायचे आणि राख त्याच झाडाला घालायचे. मला सुरुवातीला हे सगळं खूळ वाटायचं. पण बावीस वर्षं ते पेरू आम्ही खाल्ले, तेव्हा फार बोलण्यात अर्थ नाही.

उसवलेल्या कापडाचं काय करायचं यावर मात्र आपलं कधी एकमत झालं नाही. भाभींनी आधीपासून ते कापड सरकारी दवाखान्यात बाळंतिणींना द्यायचं ठरवून ठेवलं होतं. शंभरदा धुतलेली रुबिया म्हणजे बाळाच्या अंगाला त्याहून मऊ काही नाही. मी त्याची दुपटी शिवायची, टोपरी शिवायची. एकदा मी सहा लंगोट शिवले आणि त्या गठ्ठ्यात ठेवले. तुम्ही गठ्ठा सोडून बघितला आणि लंगोट वेगळे काढलेत.

मी म्हटलं, "काऊन? तुम्हीच तं म्हणता, जोड खोलला की कापड झालं. मंग कापडाचा लंगोट काऊन नाई?"

तुम्ही एक लंगोट उचलून उजेडात धरलात. "कापड विसरलं बेटा," तुम्ही म्हणालात, "पण मी नाई ना विसरलो."

पण मी हार मानणाऱ्यातली नाही. दर वेळी मी तो विषय काढायचे. बाळाला डोकं काय आणि बूड काय, सगळं सारखंच, असं म्हणायचे. तुम्ही म्हणायचे, बाळाले सारखं असंल, त्याच्या मायले विचार. भाभी हसून हसून बेजार व्हायच्या. त्या गेल्यावरही आपण भांडत राहिलो, पण मग मधूनमधून तुम्ही त्या हसत बसायच्या त्या बाजूला वळून बघायचे. ते भांडण मिटलं नाही. मिटवायला तुम्ही थांबला नाहीत.

भाभी गेल्यावरची एक गोष्ट सांगते. पगडी बांधण्याआधी तिची लांबीला घडी घालावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, ताणून, झटकून, घडी घालत घालत जवळ यायचं. रोज सकाळी तुमच्या अंगणात मी ते बघत आले होते. भाभी एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला, आणि दोघं जवळ येईपर्यंत भाभींचं तुम्हाला काहीतरी सुनावणं चालू. त्या गेल्या आणि जस्सी लग्न होऊन रायपूरला. मग तुम्ही डोक्याला छोटा पटका बांधून आपल्या दोन दुकानांमधल्या ओसरीत यायला लागलात. माझ्या शटरच्या हुकाला पगडीचं एक टोक बांधायचे आणि दुसरं टोक ओढून एकट्यानं घडी घालायचे. मी आत झाडलोट करत असायची. चार पावलांवर. आठ वर्षं मी ते बघितलं आणि एकदाही पुढे होऊन टोक धरलं नाही.

मला वाटायचं, हे घरच्यांनीच करायचं असेल. मला वाटायचं, रस्ता बघतो आहे, परक्या बाईनं पुरुषाच्या पगडीला हात लावला तर चार तोंडं आठ गोष्टी करतील. खरं सांगू का, विचारायची लाज वाटली. मी हुक तेवढा रोज पुसून ठेवायची, पगडीला गंज लागू नये म्हणून. तुम्हाला ते दिसलं होतं का, मला माहीत नाही. मी हात द्यायच्या ऐवजी हुक दिला, पापाजी. परवा जस्सीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, त्यात कसलं आलंय, कुणीही धरलं तरी चालते. झालं. आठ वर्षांचा प्रश्न एका वाक्यात सुटला आणि सुटून उपयोग नाही.

आता ती गोष्ट, जी आपण दोघांनी कधी बोलून दाखवली नाही. बदामी पगडीची.

भाभी जाऊन तेव्हा काहीच महिने झाले होते. लग्नसराईचे दिवस होते. एका घरचे अठरा ब्लाउज माझ्या बोकांडी बसले होते आणि वीज दर तासाला जात होती. तुम्ही बदामी पगडी घेऊन आलात, स्टूल ओढलंत, तेवढ्यात कामठ्याकडचा एक शेतकरी धावत आला. उन्हाळी धान वाळून राहिला, मोटर जळली, चला. तुम्ही पगडी माझ्या टेबलावर ठेवलीत, म्हणालात, मी आलो की करू. आणि गेलात.

मी म्हटलं, आल्यावर पाऊण तास कोण बसणार? कात्री घेतली आणि जोडाच्या दोन्ही बाजूंनी सरळ चालवली. दोन मिनिटांचं काम. मधली दोन बोटांची पट्टी, माझ्या शिवणीसकट, खाली चिंध्यांत पडली. दोन्ही पट मी नीट घडी करून ठेवले, दिसायला अगदी उसवल्यासारखे.

तुम्ही संध्याकाळी आलात. घड्या हातात घेतल्यात, कड बोटानं चाचपलीत. मग खाली बघितलंत. पायाखाली लाल, हिरव्या, चमकीच्या चिंध्या, केस, धूळ, आणि त्यात ती बदामी पट्टी. माझ्या चपलेखाली तिचं एक टोक होतं. तुम्ही वाकलात. मी पाय उचलला. तुम्ही पट्टी झटकलीत, बोटांभोवती गुंडाळलीत आणि कुर्त्याच्या खिशात ठेवलीत.

"तुले वेळ नव्हता तं सांगायचं होतं बेटा," एवढंच म्हणालात.

तुम्ही ओरडला असतात तर मी उलट ओरडले असते. माझ्याकडे उत्तर तयार होतं. पगडी करताना कात्री चालते, मग मोडताना काऊन नाही? पण तुम्ही वाट बघितली नाही. पुढे अख्खा पावसाळा तुम्ही रोज नमस्कार करायचे, पाऊसपाणी कसं आहे विचारायचे, पण एकही पगडी आली नाही. मीही तोंड उघडलं नाही. माफी मागायची तर चूक झाली म्हणावं लागतं, आणि मी पक्की हेकट.

दिवाळीनंतर एक दिवस तुम्ही माझ्या मशीनवर एक वस्तू ठेवलीत. आरीच्या पात्याचा तुकडा घासून त्याला बारीक अणकुचीदार टोक काढलं होतं आणि मुठीला तांब्याची तार गुंडाळली होती, एकाला एक लागून, एकही फेरा वाकडा नाही. टाके उसवायला. सोबत एक जुनी पगडी. तुम्ही स्टूल ओढलंत आणि बसलात. मी त्या हत्यारानं उसवायला लागले. सुईनं पाऊण तास लागायचा, त्यानं पंचवीस मिनिटं लागली. मला वेळ नसतो हे तुम्ही मनावर घेतलं होतं आणि पावसाळाभर त्यावर उपाय शोधत होता. मी तेव्हा थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. खाली मान घालून उसवत बसले, कारण वर बघितलं असतं तर रडले असते.

तुम्ही हट्टी होता असं मी जगाला सांगायची. पण कोरोनाच्या वेळी तुम्ही काय केलंत तेही मीच बघितलं. रायपूरकडे, बिलासपूरकडे निघालेले मजूर आपल्या रस्त्यानं चालत जात होते, तोंडाला गमछे बांधून, लेकरं खांद्यावर. तुम्ही पेटी उघडलीत आणि चौदा पगड्या आणल्यात, त्यातल्या अर्ध्या तर चांगल्या धडक्या. म्हणालात, मास्क शिव. मी म्हटलं, तोंडाला चालते का हो तुमचं कापड? तुम्ही म्हणालात, तोंड डोक्यातच येते ना. मग मी हळूच विचारलं, चौदा जोड उसवायला दोन दिवस जातील, काय करू?

तुम्ही शटरच्या पलीकडे अंतर ठेवून उभे होता. रस्त्याकडे बघत राहिलात.

"आज कैची लाव," तुम्ही म्हणालात. "माणसं चालून राहिली."

मी जमिनीवर धुतलेली चादर अंथरली आणि कात्री लावली. चौदा पट्ट्या त्या चादरीवर पडल्या, एकही खाली गेली नाही. त्या तुम्ही स्वतः गोळा केल्यात आणि पेरूखाली जाळल्यात. त्या दिवशी मला कळलं की तुमचा नियम माणसाच्या वर नव्हता. आणि हेही कळलं की बदामी पगडीला कात्री लावली तेव्हा कुणी उन्हातान्हात चालत नव्हतं, नुसते अठरा ब्लाउज होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि हे तर मी आमच्या ह्यांनाही कधी नीट सांगितलेलं नाही. माझ्या आजोबांना गावात वरच्या आळीतून जाताना डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरावं लागायचं. ऊन असो, पाऊस असो. पाटलाच्या घरावरून पुढे गेलं की मग परत बांधायचं. धम्मदीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी पांढरा नवा फेटा बांधला आणि त्याच रस्त्यानं बाजाराला गेले, न काढता. बाबा लहान होते, त्यांचं बोट धरून चालत होते. ते सांगायचे की आजोबांचा हात इतका घट्ट होता की बोटं दुखत होती. डोक्यावरच्या कापडासाठी माणूस काय काय सोसतो, हे मला माझ्या घरातून माहीत होतं, पापाजी. तुम्ही मला शिकवायची गरजच नव्हती. आणि तरी त्याच घरातल्या मुलीनं घाईच्या पायी तुमच्या पगडीला कात्री लावली आणि तिची पट्टी चपलेखाली जाऊ दिली. म्हणून ती गोष्ट मला इतकी लागली होती. तुम्हाला वाटलं असेल, ही अकडू आहे. होतेच. पण आत हे होतं.

आता त्याच गोष्टीचा पुढचा भाग, आणि हा मुद्दाम राखून ठेवला होता, तुम्हाला हरवायला. आजोबा गेल्यावर आजीनं त्यांचा तो पांढरा फेटा फेकला नाही, जाळला नाही. माझा जन्म झाला तेव्हा तिनं त्याची झोळी बांधली. मी त्या झोळीत वर्षभर झोपले, आणि वर्षभराचं लेकरू झोळीत काय काय करतं ते तुम्ही दोन नातवंडांचे आजोबा, तुम्हाला सांगायला नको. आजी म्हणे रोज ती धुवायची, उन्हात घालायची आणि परत बांधायची. ज्या फेट्यासाठी आजोबांनी जीव मुठीत धरला, त्यात त्यांची नात मुतली. आजीला तो अपमान वाटला नाही. बोला आता लंगोटाबद्दल. कधीतरी, तुम्ही पेरू खात निवांत बसलेले असताना, हा पत्ता टाकायचा असं मी ठरवलं होतं. तुम्ही काय म्हणाला असता, याचा मी आठ दिवस विचार करते आहे आणि मला ते सुचत नाही.

तुम्हाला शेवटची जी पगडी बांधली, ती फिकी निळी, तिची शिवण माझ्या हातची होती. तुमच्या पुतण्यानं घडी घालायला एक टोक जस्सीच्या हातात दिलं तेव्हा मी दारातच उभी होते, बायकांच्या घोळक्यात. तो जोड कुणी उसवला नाही. तो तसाच तुमच्याबरोबर गेला. बरं झालं.

काल दुपारी जस्सी आली आणि आम्ही पेटी घेऊन बसलो. चार चांगल्या वेगळ्या काढल्या. पाच विरलेल्या मी एकेक करून तुमच्या हत्यारानं उसवल्या. ती तुमच्या स्टुलावर बसून होती आणि दोरे तळहातावर गोळा करत होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची संपली तेव्हा तिनं पेटीच्या तळाचा वर्तमानपत्राचा कागद उचलला. त्याखाली पॉलिथिनची छोटी पुडी होती.

"हे तुमचंच आहे ना, मावशी?"

मी पुडी उघडली. बदामी पट्टी. दोन बोटं रुंद, साडेतीन मीटर लांब, धुतलेली आणि इस्त्री केलेली. मधोमध माझी शिवण. दोन्ही कडांना कात्रीचं दातरं, एका ठिकाणी थोडं वाकडं गेलेलं. मी घाईत होते ना.

जस्सी म्हणाली की एकदा पेटी साफ करताना तिनं ही चिंधी समजून दोऱ्यांच्या डब्यात टाकली होती. तुम्ही ती परत बाहेर काढलीत. "पापा बोलले, ये मंदा का काम है, बाकी है. उसको याद आएगा."

म्हणजे त्या चौदा पट्ट्या तुम्ही जाळल्यात आणि ही एक ठेवलीत. त्या चौदांना कैची लावायला तुम्हीच सांगितलं होतं, हिला नाही. आठ वर्षं. जोड उसवला नव्हता, तेव्हा तुमच्या हिशेबानं ती अजून पगडीच होती. ती जाळता येत नव्हती, फेकता येत नव्हती, आणि तुम्ही स्वतः उसवू शकत नव्हता, कारण जोडणारा हात माझा. आठ वर्षं तुम्ही माझ्या शेजारी स्टुलावर बसलात, माझ्या चहाला नावं ठेवलीत, माझ्या पोराला बारावीत पेढे आणलेत, आणि ही पुडी पेटीच्या तळाला. आधी मला तुमचा भयंकर राग आला. एकदा, फक्त एकदा, आणून माझ्यापुढे टाकली असतीत तर? इथे बसून उसवली असती ना तुमच्यासमोर. मग कळलं की तुम्ही टाकणार नव्हता. तुम्ही कुणाची चूक त्याच्यापुढे टाकणारे नव्हताच. तुम्ही नुसतं हत्यार घासून दिलंत आणि वाट बघत राहिलात.

पट्टी लांब होती, ती ताणून धरायला हवी होती. शटरचा हुक समोरच होता. मी जस्सीला म्हटलं, तू धर. ती ओसरीत गेली, तिनं एक टोक धरलं, मी दुसरं. रस्त्यावरून जाणारे बघत होते. बघू देत. मी दर चौथा टाका उचलत उचलत तिच्याकडे सरकत गेले. शिवताना बारीक टाका घ्यायला तुम्हीच लावलं होतं, त्याचा मला काल चांगलाच ताप झाला. जस्सीपर्यंत पोहोचले तेव्हा दोरा एका झटक्यात निघाला. तिनं तो डब्यात टाकला.

माफ करा, पापाजी. वेळ नव्हता असं नाही. काढला नव्हता.

एक एक बोट रुंदीच्या दोन लांब पट्ट्या माझ्या हातात उरल्या. जस्सीनं विचारलं, एवढ्याशाचं काय होणार? मी म्हटलं, टोपऱ्यांचे बंद. कडा दुमडून शिवले तर वीस-बावीस टोपऱ्यांना पुरतील. ते बाळाच्या हनुवटीखाली बांधतात, पण हनुवटी डोक्यातच येते ना.